चोर सोडून मेंढराला फाशी



या वेळी आठवणी नाहीत, पाककृती नाही, प्रवासवर्णनही नाही. या वेळी थोडं भांडायचं आहे.

गेला महिनाभर आमच्या भागात एक अर्ज फिरतो आहे. नव्या वसाहतींना लागून जी थोडीफार शेतं अजून शिल्लक आहेत, तिथे धनगरांना मेंढ्या बसवू देऊ नयेत अशी मागणी आहे. कारण काय, तर मेंढ्यांच्या मुताशेणातला नायट्रोजन जमिनीत झिरपतो, त्याचं नायट्रेट होतं आणि आपल्या विहिरी-बोअरचं पाणी बिघडतं. सोबत न्यूझीलंडमधल्या एका लेखाचा गोषवारा जोडला आहे, त्यामुळे अर्जाला शास्त्राचा शिक्का बसला. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांतून सह्या झाल्या. मी केली नाही. का केली नाही हे दारात उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. अर्जातलं शास्त्र खोटं नाही. चरणाऱ्या जनावरांमुळे भूजलात नायट्रेट जातं, हे खरं आहे. मी बी. ए., तेही मराठी माध्यमातून. रसायनशास्त्र काही माझा विषय नव्हे. पण भूगोल शिकवता शिकवता माती आणि पाणी शिकवावंच लागतं, त्यामुळे एवढं सांगू शकते. जनावराच्या मुतात युरिया असतो. गोणीत मिळतो तोच युरिया, रसायन म्हणून दोन्हींत काडीचा फरक नाही. मातीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम करतात आणि मग नायट्रेट. आता गंमत अशी की चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियमवर धन भार, म्हणून माती त्याला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार, म्हणून माती त्याला जवळ करत नाही. पिकाच्या मुळांनी ते वेळेवर उचललं तर ठीक, नाही तर पाणी वाट दाखवील तिकडे ते जातं. पाऊस पडला की खाली, आणि खाली म्हणजे विहिरीत.

हे नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. सगळ्यात जास्त धोका तान्ह्या बाळांना, विशेषतः वरच्या दुधावर असलेल्यांना. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि ते निळसर पडू लागतं. विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटशी असलेला हा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका डॉक्टरने १९४५ मध्ये दाखवून दिला. तेव्हा पाण्याची काळजी करणाऱ्यांना मी हसत नाही. त्यांनी काळजी करावीच. मला राग आहे तो काळजी चुकीच्या दारात नेऊन टाकण्याचा.

आता न्यूझीलंडकडे वळू. आमचा एक भाचा क्राइस्टचर्चला असतो, त्यामुळे तिकडच्या गायींची ख्यालीखुशाली अधूनमधून कानावर येते. तिथल्या दुधाच्या गायी बारा महिने उघड्या कुरणावर चरतात. मोठी गाय एका वेळी दोन लिटरच्या आसपास मुतते, तेही दिवसातून दहा-बारा वेळा. ते सगळं एका परातीएवढ्या जागेवर पडतं. तेवढ्या जागेपुरता नायट्रोजनचा हिशेब केला तर हेक्टरी ५०० ते १००० किलो भरतो. इतकं अन्न कुठल्याच गवताला पचत नाही. त्यात त्यांचा हिवाळा पावसाचा, गवत वाढत नाही आणि पाणी मात्र मुरत राहतं. वर पुन्हा कुरणाला रासायनिक खत आणि परदेशातून आणलेली पेंड. म्हणजे बाहेरून नायट्रोजन येतोय, तीच जनावरं त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं फिरतायत आणि खालून पाणी वाहतंय. कँटरबरी भागातल्या कित्येक खाजगी विहिरी त्यामुळे बिघडल्या. अखेर २०२१ मध्ये सरकारने चराऊ कुरणावर वर्षाला हेक्टरी १९० किलोपेक्षा जास्त रासायनिक नायट्रोजन टाकायचा नाही असा नियम केला. हात खताच्या गोणीला घातला. आपल्या अर्जाच्या गोषवाऱ्यात हे वाक्य नेमकं गळलं आहे.

आता आपल्याकडचा मेंढपाळ पाहा. सिन्नर, येवला, नांदगावकडचे किंवा शेजारच्या संगमनेर-पारनेरकडचे धनगर सुगी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून निघतात आणि पाऊस लागायच्या सुमारास घराकडे वळतात. काळ्या, राठ लोकरीची ही दख्खनी मेंढी. दिवसभर ती काय खाते? बांधावरचं गवत, बाभळीच्या शेंगा, काढलेल्या कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला, सोयाबीनचा भुसा. जे आपण जाळून टाकलं असतं ते. रात्री शेतकऱ्याच्या रिकाम्या रानात वाघर लावून तिला बसवतात. सकाळी वाघर उचलायची, दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुकड्यावर लावायची. याबद्दल पूर्वी धान्य मिळायचं, आता कुठे पैसे, कुठे नुसतं चरायला रान.

मी शिक्षिका असल्यामुळे तोंडी वाद घालण्यापेक्षा फळ्यावर गणित मांडणं मला बरं वाटतं. आकडे ढोबळ आहेत, पण पद्धत कुणीही तपासावी. एक मेंढी दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खाते असं धरू. असल्या हलक्या चाऱ्यातून तिच्या शेणामुतात रोज सुमारे १२ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. त्यातला निम्मा दिवसा चरताना रानोमाळ पडतो, निम्मा रात्री वाघरीत. म्हणजे रात्रीला ६ ग्रॅम. दोनशे मेंढ्यांचा कळप असेल तर १२०० ग्रॅम, सव्वा किलोही नाही. एवढ्या मेंढ्यांना बसायला दोन गुंठे जागा लागते. हेक्टरी हिशेब केला तर एका रात्रीला ६० किलो, एकरी २४ किलो. एक गोणी युरियात, म्हणजे ४५ किलोत, नायट्रोजन असतो पावणेएकवीस किलो. तर एक रात्र मेंढ्या बसल्या की रानाला एकरी एका गोणीहून थोडं जास्त खत मिळालं. शिवाय त्यातला मोठा भाग लेंडीत असतो. लेंडी कुजायला वेळ लागतो, त्यामुळे ती पिकाला हप्त्याहप्त्याने अन्न देते. कांद्याला आपल्याकडे हेक्टरी शंभर किलोच्या आसपास नायट्रोजनची शिफारस असते. म्हणजे एका रात्रीचं मेंढीखत एका पिकाच्या गरजेच्या आतच राहिलं.

युरोपात याहून कडक माप आहे. तिथे १९९१ च्या नायट्रेट कायद्यानुसार शेणखतातून वर्षाला हेक्टरी १७० किलोपेक्षा जास्त नायट्रोजन टाकता येत नाही. हे माप सगळ्या शेताच्या सरासरीचं आहे, आपण ते मुद्दाम वाघरीखालच्या दोन गुंठ्यांनाच लावून पाहू. एका रात्रीला ६०, तर १७० भरायला पावणेतीन रात्री लागतील. एका जागी एक रात्र, फार तर दोन, हा धनगरांचा रिवाज. ब्रुसेल्सच्या अधिकाऱ्यांनी कागदावर आणलेलं माप आमच्या निरक्षर मेंढक्याच्या चालीत आधीपासून होतं. त्याला नायट्रेट माहीत नव्हतं. जास्त रात्री बसवलं की पीक नुसतं पाल्यावर जातं आणि लोळतं, एवढं मात्र त्याला आणि शेतकऱ्यालाही पक्कं माहीत होतं.

आता सगळ्या राज्याचा हिशेब. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. दिवसाला १२ ग्रॅम धरून वर्षाचे झाले साधारण १२ हजार टन नायट्रोजन. आणि महाराष्ट्रात युरिया किती पडतो? वर्षाला २० लाख टनांहून अधिक. त्यातला नायट्रोजन ९ लाख टनांच्या वर. मेंढीचा वाटा रुपयात सव्वा पैसा! तोही नवा नाही. मेंढी नायट्रोजन तयार करत नाही, ती फक्त इथला तिथे करते. पाल्यातला उचलते, रानात टाकते. गोणीतला मात्र कारखान्यातून, बाहेरून, नव्याने येतो. घरात बाहेरून सामान येतच राहिलं आणि गेलं काहीच नाही तर ते कुठेतरी साचणारच. आपलं ते विहिरीत साचतंय.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या अखेरीस अहवाल दिला. महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या बाहेर होतं. देशातल्या जास्त नायट्रेटच्या पंधरा जिल्ह्यांची नावं त्यात आली, त्यातले सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. आता मेंढ्यांचे जिल्हे म्हणून आपण कुठले ओळखतो? अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली. यांतला एकही त्या पंधरांत नाही. यादीत नाव नाही म्हणून तिथलं किंवा आमच्या नाशिकचं पाणी शुद्ध, असं मी म्हणत नाही. पण मेंढ्याच जर चोर असत्या, तर चोरीचा माल त्यांच्या घरी सापडायला नको का?

मग चोर कोण? एक नाही, तीन आहेत, आणि तिघंही आपल्या परिचयाचे.

पहिला, गोणीतला युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. सरकार उरलेला भार उचलतं, त्यामुळे शेतात जाणाऱ्या सगळ्या खतांत हेच स्वस्त. स्वस्त म्हणून हात सैल सुटतो. टाकलेल्या युरियातला निम्मासुद्धा नायट्रोजन पिकाला लागत नाही. थोडा हवेत उडतो, थोडा पाण्याबरोबर निघून जातो. २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्याने नायट्रेट व्हायचा वेग मंदावतो, चांगलं झालं. पण गरजेपेक्षा जास्तच टाकलं तर लेप काय करणार? निफाड-दिंडोरीच्या बागांत तर युरियावर कोंबडखत, त्यावर ठिबकमधून विद्राव्य खत. धरणाचं पाणी ओसरलं की गाळपेर जमिनीतही खत पडतं, आणि पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. शेतकऱ्यांवर राग धरून उपयोग नाही. पीक गेलं तर वर्ष जातं, या भीतीने तो एक मूठ जास्त टाकतो. पण पाण्याला कारण कळत नाही, त्याला फक्त मूठ कळते.

दुसरा, बांधलेलं जनावर. इथे मी अर्जदारांशी थोडी सहमत आहे, फक्त त्यांनी जनावर चुकीचं निवडलं. राज्यात गाईम्हशी दोन कोटींच्या घरात. त्यांच्या शेणामुतातला नायट्रोजन मेंढ्यांच्या कितीतरी पट, तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. ज्याच्याकडे जमीन आहे तो शेण शेतात नेतो. पण शहराच्या कडेला ज्या गोठ्यांना जमीनच नाही, तिथे चारा दहा गावांतून येतो आणि शेण एकाच उकिरड्यावर साठतं. गोठा धुतलेलं पाणी नाल्याला. त्या उकिरड्यावर चार महिने पाऊस पडतो. चरणारं जनावर आपली घाण वाटत फिरतं, बांधलेलं जनावर ती एका जागी रचतं. फरक इथे आहे. त्या गोठ्यातलं दूध मात्र आपण सह्या करणारे सगळेच सकाळी पितो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध अर्ज निघत नाही.

तिसरा चोर म्हणजे आपण स्वतः. माणसाच्या मैल्यातही नायट्रोजनच असतो. नव्या वसाहतींत ड्रेनेजची लाइन पोहोचायच्या आधी घरं पोहोचतात. मग सेप्टिक टँक, त्याचा शोषखड्डा, आणि त्याच प्लॉटमध्ये बोअर. मेंढ्या वर्षातून दोन रात्री शेजारच्या रानात बसतात, आपण वर्षाच्या ३६५ रात्री आपल्याच बोअरच्या डोक्यावर बसलेलो असतो! आणि गोदावरी? तिच्या प्रदूषणाबद्दल २०१२ पासून उच्च न्यायालयात याचिका गाजली. तरी पाणवेली दरवर्षी पात्रात गालिचा घालतातच. पाणवेली काही हवा खाऊन वाढत नाहीत. त्यांना लागतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे आपलं सांडपाणी आणि आपलं खत. तेच पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून २०२० मध्ये ज्याचं कौतुक झालं, त्या पाखरांच्या पाण्यात.

हे सगळं माहीत असूनही बोट मेंढीकडेच का? कारण सोपं आहे. युरियाविरुद्ध बोलायचं तर शेतकरी दुखावतो, गोठ्याविरुद्ध बोलायचं तर दूधवाला, सांडपाण्याविरुद्ध बोलायचं तर आपलीच सोसायटी. मेंढपाळाचं इथे मत नाही, घर नाही, ओळख नाही. उद्या तो पुढच्या गावाला जाणार. त्याला हाकललं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि कुणाचंच काही जात नाही. जातं ते त्याचं. एका गावाने रान नाकारलं की त्या रात्री लेकरंबाळं, कोकरं, घोडी घेऊन रस्त्याच्या कडेला मुक्काम, आणि भरधाव ट्रक बाजूने. आणि शेतकऱ्याचंही जातं. मेंढ्या बसल्या नाहीत तर तो ते खत कशातून भरून काढणार? आणखी एका गोणीतून. म्हणजे अर्ज मंजूर झाला तर पाण्यातलं नायट्रेट कमी होणार नाही, उलट वाढेल.

मेंढ्यांच्या बाजूने बोलते म्हणून त्यांना सगळं माफ असावं असं माझं म्हणणं नाही. विहिरीच्या काठाशी, पाटाच्या कडेला, बोअरच्या शेजारी वाघर लागू नये. एका तुकड्यावर दोनच्या वर रात्री नकोत. आणि पाऊस तोंडावर असताना बसवल्या तर रान पडीक ठेवू नये, लगेच पेरणी करावी. पहिल्या पावसापासून मुळं पसरेपर्यंतचे दिवस नायट्रेट निसटायचे असतात. इतकं शेतकऱ्याने मेंढक्याशी बोलून ठरवलं तर पुरे आहे, त्याला अर्ज लागत नाही.

अर्ज करायचाच असेल तर असा करा. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्याची तपासणी मागा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठीच आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाणी तपासायचे संच दिले गेले, ते कपाटात आहेत का वापरात, हे ग्रामपंचायतीला विचारा. अहवाल हाती आला की त्यात नायट्रेट लिहिलंय का नायट्रेट-नायट्रोजन, ते बघा. पहिल्याची मर्यादा ४५ असली तर दुसऱ्याच्या मापात ती जेमतेम १० होते. लोक २० हा आकडा पाहून निर्धास्त होतात आणि तो दुसऱ्या मापातला निघतो. घरात तान्हं बाळ असेल तर एवढं ध्यानात ठेवा की पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यामुळे दाट होतं. तुरटीने जात नाही, क्लोरीननेही जात नाही. आरओ यंत्राने बरंचसं जातं.

आणि मग गोठेवाल्यांना पक्क्या, झाकलेल्या खड्ड्याची आणि गोबरगॅसची अट घाला. ड्रेनेजशिवाय वसाहतीला परवानगी का मिळते ते विचारा. माती तपासून युरिया हप्त्याहप्त्याने द्यायला सांगणाऱ्या कृषी सहायकाला आपल्या गावात वर्षातून किती वेळा पाहिलं, तेही विचारा. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीवर खर्चाच्या घोषणा होतात, त्यातलं सांडपाण्यातला नायट्रोजन काढण्यासाठी नेमकं किती, हा प्रश्न तर प्रत्येक नाशिककराने विचारावा असा आहे. घाट घासून पुसून पाणी स्वच्छ होत नसतं.

असा अर्ज कुणी लिहिला तर पहिली सही माझी. हात थरथरतो, पण सही अजून वाचता येते. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला माझं गणित चुकलंय असं वाटत असेल त्यांनी जरूर मांडून दाखवावं. फक्त आकड्याला आकड्याने उत्तर द्या, "आत्याचं आपलं काहीतरी" असं म्हणून सोडून देऊ नका.